टिंब दिलेली सही

अकरा वर्षं मी सही केली. तसं पाच एकर रान होतं, त्यात राबलो, बैल राखले, दोन लेकी उजवल्या. पण गावाच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की रंगनाथ अकरा वर्षं पाणीपुरवठा सोसायटीचा अध्यक्ष होता. कागदावर अध्यक्ष, गावात चेरमन, आणि घरात बायको ज्या नावानं हाक मारील ते. हा अंक काढणारे गुरुजी म्हणाले, तुमच्या कामाचं लिहा. मी म्हणलो, माझं काम एका ओळीत संपतं. ते म्हणाले, मग त्या ओळीचं लिहा. माझी शाळा दुसरीपर्यंत. चुका गुरुजींनी दुरुस्त केल्या असतील, मी वाचून पाहणार नाही.

आमचं गाव तेलगाव आणि दिंद्रुडच्या मधी. गावात दोन घरं मोठी. एका घराचा माणूस अध्यक्ष झाला की दुसऱ्या घराची माणसं पंपाची वायर काढून न्यायची. म्हणून दोघांना चालणारा माणूस शोधला. दोघांना चालणारा म्हणजे ज्याचा कुणालाच धाक नाही असा. असा मी एकटाच निघालो.

बाहेरच्या माणसाला हे काम कसं असतं ते सांगतो. मीटिंग होते, ठराव होतो, तो प्रोसिडिंग बुकात लिहितात. वर हजर असलेल्यांच्या सह्या, मधी ठराव, खाली अध्यक्षाची सही. ती झाली की ठराव जिवंत. नाही झाली तर नुसत्या गप्पा. हे झालं नियमाचं. खरं असं, की वरच्या सह्या अगोदर घेतात, खालची सही अगोदर घेतात आणि मधला ठराव सेक्रेटरी सवडीनं लिहितो. आमचा सेक्रेटरी अंकुश. निम्म्या मीटिंगा त्याच्या सायकलच्या कॅरिअरवरच झाल्या. बुक बांधून तो घरोघर फिरायचा. माझी सही त्यानं गोठ्यात घेतली, खळ्यावर घेतली, एकदा न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना घेतली.

ही सही मला शिकवली कौसानं. कौसा माझी बायको. चौथी पास. तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली. अध्यक्ष झाल्यावर आठ दिवस तिनं माझ्याकडून पाटीवर नाव गिरवून घेतलं. घरात ‘रंगनाथ’ बरोबर यायचं. मग तालुक्याच्या ऑफिसात नमुना सही द्यायला गेलतो. पुढं साहेब, पेन दुसऱ्याचं, कार्ड गुळगुळीत. ‘र’वरचं टिंब द्यायचं राहून गेलं. कार्डावर झालं ‘रगनाथ’.

घरी आल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. क्लार्क म्हणाला, “कार्ड फाईलला लागलं. इथून पुढं अशीच करा.”

म्हणलो, “साहेब, पर माझं नाव रंगनाथ हाय.”

“असू द्या ना. सही जुळायला पाहिजे. नाव कशाला जुळायला पाहिजे?”

कौसा हसून हसून वाकली. म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं टिंब सरकारनं ठिवून घेतलं.” तेव्हापासून मी स्वतःचं नाव चुकीचं लिहीत गेलो, आणि जोवर चुकीचं लिहीत होतो तोवर सगळं बरोबर चाललं.

पहिली दोन वर्षं मी काय सही करतो ते मला माहीत नव्हतं. मग सोपानदादाचं झालं. सोपानदादा आमचा जुना सभासद. लई आजारी पडला म्हणून दवाखान्यात नेला आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगत आलं की गेला. अंकुशनं तातडीनं दुखवट्याचा ठराव लिहिला, मी खळ्यावर सही केली. दोन दिवसांनी सोपानदादा एसटीतून उतरला. घरी न जाता सरळ माझ्याकडं आला.

“कावून बे रंग्या, मला मारून चहा पिलास म्हणं?”

“न्हाई दादा, चहा झालाच न्हाई. मीटिंगच झाली न्हाई.”

“म्हंजे चहा बी न पाजता मारलंस?”

त्याला वाटलं, पान फाडून टाकलं की मिटलं. पण बुकात खाडाखोड चालत नाही. ठराव मोडायला दुसरा ठराव लागतो. अंकुशनं तो लिहिला: मागील ठराव रद्द करून श्री. सोपानराव यांना हयात समजण्यात यावे, सर्वानुमते मंजूर. सोपानदादानं तीनदा विचारलं, “सर्वानुमते? बापूसाहेबांनी बी हो म्हणलं?” बापूसाहेब म्हणजे दोन मोठ्या घरांतल्या एकाचे कर्ते. त्यांच्याशी सोपानदादाचा बांधाचा तंटा होता.

गाव हसलं. कौसा हसली नाही. तिनं अंकुशला बोलावून सांगितलं, “आजपासून म्या वाचल्याबिगर सही न्हाई.”

मग अंकुशची पंचाईत सुरू झाली. तो बुक घेऊन यायचा, कौसा हातातलं काम टाकून ओट्यावर बसायची आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची. अंकुश पुढचं सांगायला गेला की म्हणायची, “तुमी नका सांगू, ते इथं लिवलेलं असंल तर मला सापडंल.” एकदा विचारलं, “तूर्त म्हंजे किती दिस?” अंकुशला सांगता आलं नाही. तो ठराव तसाच परत गेला, आणि पुढं कळलं की त्यात आमच्या पाइपलाइनीचा एक फाटा बापूसाहेबांच्या मळ्यात तूर्त न्यायचा होता.

अंकुश एकदा वैतागून म्हणाला, “वैनी, दिल्लीत राष्ट्रपती असत्यात. लोकसभेनं कायदा केला तरी त्यांची सही झाल्याबिगर कायदा होत न्हाई. आपले चेरमन म्हंजे आपले राष्ट्रपती. त्यांना असं चौथीच्या पोरावानी वाचून दावत असत्यात का?”

“मंग त्यांना पटलं न्हाई तर?”

“परत धाडत्यात. पर एकदाच. दुसऱ्यांदा तोच आला का करावीच लागती.”

“असं कावून?”

“तसाच नियम हाय.”

कौसाला ते पटलं नाही. मला मात्र लई आवडलं. एकदा नाही म्हणायचं आणि दुसऱ्यांदा नियमावर ढकलायचं. माणसानं इतकं सोयीचं काम कुठं काढून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता दुष्काळाचं. आमची विहीर सोसायटीची, पण ती खोदली होती त्याच्या मागच्या मोठ्या दुष्काळात, सरकारी कामावर. खोदणारी माणसं बहुतेक बौद्धवस्तीतली आणि गावातली बिनजमिनीची. सोसायटी झाली तेव्हा सातबारा असेल तोच सभासद ठरला, म्हणजे खोदणारे बाहेर राहिले. पण त्या वेळचा साहेब कुणीतरी बरा होता. त्यानं पोटनियमात एक ओळ घातली: विहिरीचे पाणी आधी पिण्यास व नंतर पिकास द्यावे. त्यामुळं वीज आली की पहिला अर्धा तास वस्तीजवळचा हौद भरायचा आणि मग पाणी उसाकडं वळायचं. हौदावर कुणीही घागर लावावी, सभासद असो नसो.

दोन वर्षं पाऊस झाला नाही. विहिरीचा तळ दिसायला लागला. वीज सहा तास, सकाळी सहा ते बारा. त्यातला अर्धा तास हौदाला जातो, हे बापूसाहेबांना बघवत नव्हतं. “बेणं मेलं तर पुढल्या साली लावायचं काय?” असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. माझाही अर्धा एकर ऊस होता. तोही वाळत होता, हे लपवायचं कारण नाही.

अंकुश नवा ठराव घेऊन आला. पोटनियम दुरुस्ती, म्हणजे तालुक्याच्या ऑफिसाची मंजुरी लागणारी. कौसानं वाचलं: ओळीतील ‘आधी’ व ‘नंतर’ हे शब्द वगळण्यात यावेत.

अंकुश म्हणाला, “कायच न्हाई वैनी. दोन शब्द कमी केलेत. पिण्यास बी हाय, पिकास बी हाय. उलट वाक्य सुटसुटीत झालं.”

कौसानं वाक्य दोन्ही तऱ्हेनं म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “हौद कवा भरणार?”

“भरंल की. पाणी उरंल तसा.”

तिनं बुक मिटलं. “न्हाई म्हणा,” माझ्याकडं बघून म्हणाली. अंकुश बसलेला असताना.

दुसऱ्या दिवशी गयाबाई आली. गयाबाई वस्तीतली, विहीर खोदताना बायांच्या टोळीची मुकादम होती. उंबऱ्यापाशी उभी राहिली. कौसानं आत ये म्हणलं तरी आली नाही.

“चेरमन, त्या हिरीचा दगड माझ्या डोक्यावरनं गेलाय. तुमच्या वहीत आमच्यापैकी कुणाचं नाव न्हाई. एक ‘आधी’ तेवढं हाय. ते बी काढता म्हणं?”

मी म्हणलो, “बघू.”

“बगा मंग,” ती म्हणाली, “चांगलं डोळे फाडून बगा.” आणि गेली.

सर्वसाधारण सभा पारावर भरली. ठराव वाचला, हात वर झाले. सगळे सभासद ऊसवाले, हात वर होणारच. बुक माझ्यापुढं आलं. बापूसाहेब डाव्या हाताला, अंकुश उजव्या. मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि खोकलो. मग पेन घेतलं, ‘रगनाथ’ लिहिलं, आणि उचलता उचलता पेनाचं टोक ‘र’च्या डोक्यावर नुसतं टेकवलं. रंगनाथ. कितीतरी वर्षांनी माझं नाव मी बरोबर लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी उड्या मारत गेलो. कौसा भाकरी थापत होती. सगळं सांगितलं. म्हणलो, “आता सही जुळायची न्हाई. ऑफिस कागद परत धाडंल. सही बी केली आन ठराव बी आडवला.”

ती म्हणाली, “म्हंजे न्हाई म्हणलाच न्हाईत.”

“अगं, तेच म्हणलो की. वेगळ्या वाटंनं.”

“लोकाला काय दिसलं? सही दिसली. गयाबाईला काय दिसलं? सही दिसली. आन कागद परत आला तर मंग?”

मी भाकरी खाल्ली.

कागद परत यायला सव्वा महिना लागला. तेवढे दिवस हौद भरत राहिला आणि तेवढे दिवस देशात माझ्याइतका हुशार अध्यक्ष कुणी नसेल असं मला वाटत राहिलं. मग शेरा आला: अध्यक्षांची सही नमुना सहीशी जुळत नाही, फेरसादर करावे.

बापूसाहेबांनी कागद माझ्यापुढं धरला. “इतकी वर्सं सही करतूस आन तुला तुपलं नाव येईना बे?”

“चुकून बरोबर आलं, बापूसाहेब.”

ते हसले. सगळेच हसले. माझ्या अडाणीपणावर गावाचा इतका विश्वास होता, की कुणाला संशय आला नाही. अडाणीपणाचा एवढा उपयोग मला पुन्हा कधी झाला नाही.

या वेळी सही त्यांच्या वाड्यावर ठरली. म्हणजे नेमकी दुसऱ्यांदा आलेली सही. बापूसाहेब शेजारी बसले. माझा ऊस कसा आहे ते विचारलं, बैलांचं विचारलं. मी पेन टेकवलं तसं त्यांनी आपलं बोट ‘र’च्या वर कागदावर ठेवलं. मी नाव लिहिलं. टिंब द्यायला जागाच नव्हती. खरं सांगायचं तर मी जागा शोधलीही नाही. मनात म्हणलो, दुसऱ्यांदा आला का करावीच लागती, दिल्लीतल्या माणसाला चुकलं नाही. पण तिथला माणूस सही करून घरी जेवायला गेल्यावर त्याला कोण काय म्हणतं, ते कुठं छापून येत नाही.

मला कौसानं नुसतं ताट वाढलं. तेच वाईट झालं.

या वेळी ऑफिसानं आठ दिवसांत मंजुरी दिली. हौद कुणी बंद केला नाही, तोटीला कुणी कुलूप घातलं नाही. वीज आली की पाणी थेट उसात जायचं आणि बारा वाजता वीज जायची. बास. माझा अर्धा एकर हिरवा झाला.

हौद कोरडा पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कौसा घागर आणि कळशी घेऊन निघाली होती. आमच्या अंगणात उसाच्या पाइपलाइनीवरची सभासदाची तोटी होती, थोडं का होईना पाणी येत होतं. मी म्हणलो, “कुठं चाललीस?”

“झिऱ्यावर.”

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं भरायचं. घरापासून दीड कोस. वस्तीच्या बाया आता तिकडं जात होत्या.

“अगं, घरी तोटी हाय.”

“ती चेरमनच्या घरची हाय.”

पुढं ती रोज गेली. चेरमनची बायको डोक्यावर घागर, कडेला कळशी घेऊन पारावरून जायची आणि पारावरची माणसं दुसरीकडं बघायची. घरात तिनं दोन माठ मांडले. डावा तोटीचा, उजवा झिऱ्याचा. मला तांब्या भरून द्यायची तो डाव्यातून. एकदा ती नसताना मी उजव्यातलं पिलो. गढूळ होतं, वाळू दाताखाली आली.

वैशाख संपता संपता सोसायटीची पुढची सभा आली. प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कुणी वाचत नाही. अंकुश ‘कायम’ म्हणायच्या आत सगळे ‘मंजूर मंजूर’ ओरडतात. त्या दिवशी तसंच झालं, आणि मी म्हणलो, “न्हाई.”

अंकुश वाकून म्हणाला, “काय पायजे चेरमन, पाणी?”

“न्हाई. कायम न्हाई. त्यो ठराव चुकीचा हाय आन त्याच्यावरची माझी सही बी चुकीची हाय. ‘आधी’ परत लिवा.”

बापूसाहेब उठून उभे राहिले. “येड लागलं का बे तुला? हात वर केलते सगळ्यांनी. तूच सही केलीस.”

“केली. आता न्हाई म्हणतू.”

“कुणाचं अनुमोदन हाय ह्याला?” त्यांनी सभेकडं बघून विचारलं. कुणी हललं नाही. मग मागून सोपानदादा उठला. “माझं लिवा,” म्हणाला. “एका ठरावानं मेलेला माणूस उठतू, तर एक शब्द कावून उठंना?”

लोक हसले, पण हात दोनच. माझा आणि त्याचा. आठ दिवसांत माझ्यावर अविश्वास आणला. तो मंजूर झाला आणि त्या ठरावाखाली अध्यक्ष म्हणून शेवटची सही मलाच करायची होती. मी निवांत टिंब देऊन केली. ती मात्र कुणी नमुन्याशी लावून पाहिली नाही.

पुढचं अगोदरच सांगून टाकतो, कारण मला ते सांगायला आवडतं. ज्येष्ठात विहीर पूर्ण आटली. उसाला नाही, हौदाला नाही, कुणालाच नाही. सरकारी टँकर मागितला. टँकर विहिरीत ओततात आणि लोक तिथून शेंदून नेतात. बघायला आलेल्या साहेबानं विचारलं, “ही विहीर पिण्याच्या पाण्याची आहे का? कागद दाखवा.” दोन दिवसांत खास सभा झाली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ जागच्या जागी परत आले. सूचक बापूसाहेब. सर्वानुमते. विहिरीत थेंब नव्हता तेव्हा पाणी आधी कुणाला यावर आमच्या गावात एकमत झालं.

पण मला लिहायचं होतं ते अविश्वासाच्या दिवसाचं. घरी आलो तर कौसा झिऱ्यावरून येऊन माठावर फडकं बांधत होती.

म्हणलो, “न्हाई म्हणलो मी. सभेत. मोठ्यानं.”

“आयकलं. आठ दिस झाले त्याला.”

“आज चेरमनकी गेली.”

“ते बी आयकलं.”

“मंग? तू कायच म्हणंनास.”

ती फडक्याची गाठ मारत राहिली. “हौद कोरडा पडल्यापासनं सत्तावीस दिसांनी न्हाई म्हणलात. सत्तावीस दिस दोन खेपा. बाया काय म्हणत असतील, मला ठावं हाय. उद्यापासून तुमी बी चला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर खांद्यावर घेऊन तिच्या मागं निघालो. पारावरून जाताना या वेळी कुणी दुसरीकडं बघितलं नाही, सगळ्यांनी नीट बघितलं. नदीत पोचलो तर झिऱ्याशी पंचवीस-तीस बाया रांगेत. पुरुष एकटा मी. कौसा रांगेला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

झिऱ्यापाशी गयाबाई बसली होती, रांग तीच लावायची. तिथूनच ओरडली, “ओ चेरमन, मधीच कुठं घुसता?”

“बायकोसंगं हाय गं.”

“बायको तुमची असंल. रांग आमची हाय. मागं थांबा.”

बाया हसल्या. कौसाही हसली असावी, तोंड दिसलं नाही, खांदे हलले. मी पार मागं गेलो. तोवर आणखी चारपाच बाया येऊन लागल्या होत्या, त्यांच्याही मागं. तिथून मला कौसाचा पदर आणि डोक्यावरची चुंबळ तेवढी दिसत होती. पुढच्या एकीची घागर भरली की कौसा एक पाऊल पुढं सरकायची, मग मी सरकायचो.

तिची भरली. घागर डोक्यावर, कळशी कडेला घेऊन ती माघारी निघाली. मला वाटलं थांबेल. माझ्याजवळून जाताना चाल न मोडता म्हणाली, “वाटीनं भरा. घागर बुडवू नका, गढूळ येतं.” आणि वाळूतून गावाकडं गेली.

मी उभा राहिलो. माझा नंबर यायला लई येळ होता.